विचारलें होतें काय?

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आमच्या वडिलांच्या तोंडीं नेहमीं असे. आणि आपल्या चार पिढ्यांत कोणीही ती पायरी चढलें नाहीं, हें ते पाहुण्यारावळ्यांस अभिमानानें सांगत. वडिलांच्या माघारीं तो अभिमान मोडण्याचा प्रसंग आमच्या धाकट्या बंधूंवर आला. त्या प्रसंगांत आम्हीं जें पाहिलें, आणि त्याच्या अखेरीस मातोश्रींनीं आम्हांस जो एक प्रश्न केला, तो लिहून ठेवावा असें फार दिवस मनांत होतें. एकत्र कुटुंबें अद्याप जेथें नांदतात तेथें तो प्रश्न परका वाटणार नाहीं, अशी आमची समजूत आहे.

आमचें बिऱ्हाड जालना जिल्ह्यांत अंकुशनगर येथें आहे. अंबड तालुक्यांत महाकाळ्याजवळ सहकारी साखर कारखान्याच्या भोंवतीं ही वसाहत वाढली, कै. अंकुशराव टोपे यांच्या नांवावरून तिचें नांव पडलें. गोदावरी येथून दूर नाहीं, आणि समर्थ रामदासांचें जन्मग्राम जांब ह्याच जिल्ह्यांत आहे. थोरले बंधु शिक्षकाच्या पेशानें ह्या भागांत आले व येथेंच राहिले. मागाहून मातोश्री, आम्ही व मुलेंबाळें असा सारा परिवार त्यांच्या आश्रयास जमला. गाळपाचा हंगाम सुरू झाला म्हणजे उसाच्या गाड्यांची रीघ लागते, मळीचा आंबूस वास घरांत शिरतो, आणि पाळीचा भोंगा हेंच आमचें घड्याळ होतें. कायम, हंगामी, रोजंदारी हे शब्द येथें पोरासोरांसही कळतात. तरी नोकरी जाणें म्हणजे काय, हें आम्हांस कळलें तें धाकट्या बंधूंच्या येण्यानें.

ते परजिल्ह्यांतील एका संस्थेच्या कचेरींत १९८८ सालापासून कारकून होते. २०१० सालच्या पावसाळ्यांत तेथील एक पावतीपुस्तक गहाळ झालें. तें ज्या कपाटांत असे त्याच्या दोन किल्ल्यांपैकीं एक बंधूंपाशीं असे. तेवढ्यावरून त्यांस आरोपपत्र मिळालें, कचेरींतल्याच एका वरिष्ठांनीं चौकशी केली, आणि बावीस वर्षांची नोकरी चार ओळींच्या पत्रानें संपली. पत्नी व दोन मुलांसह ते आमच्या दारीं उतरले, तेव्हां वहिनींनीं कांहीं न विचारतां चार पानें अधिक मांडलीं. एकत्र कुटुंबाचा हा गुण आम्ही नेहमीं वाखाणतों. परंतु पान मांडणें सोपें, त्या पानावर बसणें कठीण. बंधु दुसरी पोळी घेईनात. मुलीच्या कॉलेजची फी आम्हीं भरली, तर ती रक्कम त्यांनीं आपल्या वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेविली, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

संघटनेचे चिटणीस भेटावयास आले आणि म्हणाले, औद्योगिक विवाद कायदा, १९४७ ह्याखालीं दाद मागतां येईल. बंधूंस प्रथम राग आला तो त्या कायद्यांतील 'कामगार' ह्या शब्दाचा. लेखणीची ती नोकरी आणि हातोड्याची ती मजुरी, असा भेद आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. कायदा तो भेद मानीत नव्हता. अंगमेहनतीचें, कसबाचें किंवा तांत्रिक काम करणारा जसा कामगार, तसाच कारकुनी काम करणाराही. शिवाय १९६५ सालच्या दुरुस्तीनें एकट्यादुकट्यास काढून टाकिलें तरी तो औद्योगिक विवाद ठरूं लागला होता. दोन दिवस विचार करून बंधूंनीं अर्जावर सही केली. “बावीस वर्षें कामगार होतों, आणि मला आज कळलें,” एवढेंच ते बोलले.

वाटा दोन होत्या. एक कामगार न्यायालयाची. दुसरी उभयपक्षांनीं लेखी करार करून लवाद, म्हणजे पंच, नेमण्याची. ह्या दुसऱ्या वाटेसाठीं १९५६ सालीं त्या कायद्यांत कलम १०-अ घालण्यांत आलें होतें. करारावर दोहों पक्षांच्या सह्या, त्यांत पंचाचें नांव, प्रत सरकारकडे व समेट अधिकाऱ्याकडे, मग राजपत्रांत प्रसिद्धि. आणि पंचानें चौकशी करून दिलेला निवाडा दोघांवरही बंधनकारक. न्यायालयापेक्षां हें लौकर आटपेल ह्या आशेनें बंधूंनीं ही वाट धरिली, व संस्थेनेंही मान्यता दिली.

आम्हांस तर फारच बरें वाटलें, कारण पंच ही आपली जुनी संस्था. पेशवाईंत वादी-प्रतिवादी पंचायतीपुढें उभे राहण्यापूर्वीं, पंच ठरवितील तें मान्य करूं असें लिहून देत. त्या कागदास राजीनामा म्हणत, आणि त्याप्रमाणें वर्तण्याबद्दल जामीनही घेत. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन साहेबांनीं १८१९ सालच्या आपल्या अहवालांत ह्या पंचायत-पद्धतीचें सविस्तर वर्णन केलें आहे. आतां राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. तोही बंधूंकडे मागण्यांत आला होता. राजीनामा द्या, म्हणजे बडतर्फीचा डाग लागणार नाहीं, असें त्यांस सुचविलें होतें, व त्यांनीं तो दिला नव्हता. जुन्या अर्थाच्या राजीनाम्यावर मात्र त्यांनीं आनंदानें सही केली.

२०१२ सालीं निवाडा झाला. बडतर्फी योग्य आहे, असें पंचांनीं ठरविलें.

त्या दिवशींचें घर आम्हांस आठवतें. थोरल्या बंधूंनीं निवाड्याचे कागद जमिनीवर आपटले. आम्हीं संपूर्ण निवाडा मोठ्यानें वाचून प्रत्येक वाक्यास प्रत्युत्तर दिलें. पुतण्या वकिली करितो, तो सारें ऐकून घेऊन म्हणाला, “काका, उच्च न्यायालयांत जातां येईल. पण तें अपील नव्हे, हें आधीं समजून घ्या.”

हें समजून घेण्यास आम्हांस कित्येक महिने लागले. व्यापारी व्यवहारांतील लवादांचा कायदा निराळा. त्याचा ह्या पंचांशीं संबंध नाहीं, असें कलम १०-अ मध्येंच म्हटलेलें होतें. मग ह्या पंचांच्या निवाड्यावर देखरेख कोणाची? मुंबईच्या हिंद सायकल्स कंपनीच्या प्रकरणांत १९६२ सालीं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला. निर्णय लिहिणारे न्यायमूर्ति प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे साताऱ्याच्या शास्त्री-आचार्यांच्या घराण्यांत १९०१ सालीं जन्मलेले; पुढें ते देशाचे सरन्यायाधीश झाले आणि पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षही. त्यांनीं असें दाखविलें कीं, हा पंच न्यायाधिकरण नव्हे, म्हणून त्याच्या निवाड्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयाकडे विशेष अपील चालणार नाहीं. परंतु तो निव्वळ खाजगी माणूसही नव्हे, कारण कायद्यानें त्याच्या शब्दास बळ दिलें आहे. म्हणून घटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखालीं उच्च न्यायालयाचें दार त्याच्याविरुद्ध उघडें राहूं शकतें. मात्र त्या दारांतून आंत गेल्यावर काय मागतां येतें, ह्यास मर्यादा आहे. १९६३ सालच्या दुसऱ्या एका निर्णयांत गजेंद्रगडकरांनींच ती आंखून दिली: अधिकाराबाहेर जाणें, नैसर्गिक न्यायाचा भंग, कागदावर उघड दिसणारी कायद्याची चूक, किंवा पुराव्याचा लवलेश नसतां काढिलेला निष्कर्ष, एवढ्यासाठींच न्यायालय हात घालील. पुरावा थोडा होता कीं पुरेसा होता, हें तें तोलीत बसणार नाहीं.

आम्हांस हें पटेना. निवाडा चूक आहे हें आमच्या घरांतील शेंबड्या पोरासही कळतें. मग न्यायमूर्तींस तेवढेंच पाहावयाचें नाहीं, हा कोठला न्याय? पुतण्यानें आमच्या समजुतीसाठीं घरगुती दाखला दिला. “आमटी तुम्हांस आवडली नाहीं, हें तेथें चालणार नाहीं. तींत डाळच घातली नव्हती, असें दाखवावें लागेल.”

हिंवाळ्याच्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो ओसरीवर बसून जुने निर्णय सांगे, आणि घरचीं सारीं माणसें पुराण ऐकावें तशीं ऐकत. अहमदाबादेस गुजरात स्टील ट्यूब्स कारखान्यांत १९७३ सालीं संप झाला आणि ८५३ कामगारांस एकदम काढून टाकण्यांत आलें. पत्रांत अपराधाचा शब्द नव्हता. साधी सेवासमाप्ति, एवढेंच लिहिलें होतें. तेथेंही कलम १०-अ प्रमाणें पंच नेमिले गेले, आणि पंचांनीं कारखान्याच्या बाजूनें कौल दिला. गुजरात उच्च न्यायालयानें तो फिरविला, आणि १९ नोव्हेंबर १९७९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें उच्च न्यायालयाचा हा हस्तक्षेप योग्य ठरविला. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांच्या निर्णयाचा मथितार्थ असा कीं, पत्रांतील शब्द सौम्य असले तरी काढण्याचें खरें कारण अपराध हेंच होतें. आणि संप बेकायदेशीर असला तरी त्यांतल्या प्रत्येकाचा दोष निराळा पाहिल्यावांचून सर्वांस एका दोरीनें बांधतां येत नाहीं. शिक्षा अपराधाच्या मानानें भारी असेल तर ती हलकी करण्याचा अधिकार १९७१ च्या कलम ११-अ नें न्यायाधिकरणांस दिला होता. त्या कलमांत पंचाचा उल्लेख नसतांही तो अधिकार त्यासही आहे, असें ह्या बहुमतानें धरिलें. न्यायमूर्ति कोशल यांचें मत मात्र भिन्न पडलें.

हें ऐकून आमच्या बंधूंच्या चेहऱ्यावर उमेद आली. म्हणून पुतण्यानें दुसरी बाजूही सांगितली. पुण्याच्या भारत फोर्ज कारखान्यांत १९८३ सालीं एक कामगार सकाळीं पावणेबाराच्या सुमारास लोखंडी पत्र्यावर झोंपलेला आढळला. ती त्याची पहिली वेळ नव्हती, चवथी होती. त्यास बडतर्फ केलें, आणि झोंपेच्या मानानें ही शिक्षा भारी काय, हा वाद कामगार न्यायालयापासून वर चढत २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयांत संपला. पूर्वीच्या तीन चुका पाहतां बडतर्फी अवास्तव नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. मालकास शिस्त राखण्याचा हक्क आहे, आणि दयेची जागा ठराविक आहे. “एका डुलकीचा निकाल लागावयास एकवीस वर्षें,” असें वहिनी म्हणाल्या. आणि त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं, कारण बंधूंचें वय तेव्हां बावन्न होतें.

मराठवाड्यांतील पक्षकारास पूर्वीं मुंबई गांठावी लागे. १९८१ सालीं १ मे रोजीं आमचा जालना जिल्हा निराळा झाला, आणि त्याच वर्षीं २७ ऑगस्टपासून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, उच्च न्यायालयाचें खंडपीठ बसूं लागलें. त्यामुळें पुष्कळांची पायपीट वांचली. ह्याच शहरांतील एका प्राथमिक शिक्षिकेचें प्रकरण आमचा अर्ज चालू असतांना गाजलें. तिला २००७ सालीं काढून टाकण्यांत आलें होतें. खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठीं १९७७ सालीं झालेल्या कायद्याखालील शाळा न्यायाधिकरणानें २००९ सालीं ती बडतर्फी रद्द करून मागील संपूर्ण वेतन देवविलें. उच्च न्यायालयानें वेतनाचा हुकूम काढून टाकिला. आणि १२ ऑगस्ट २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. सिंघवी व न्या. गोपाल गौडा यांनीं तो पुन्हा कायम केला. ह्या निर्णयांतला एक भाग पुतण्यानें मराठींत करून वाचून दाखविला. अन्यायानें काढलेल्या माणसाबरोबर त्याचें सारें कुटुंब दुःखांत लोटलें जातें, पोषण तुटतें, मुलांचें शिक्षण अडतें, आप्तेष्टांपुढें हात पसरावा लागतो, असा त्याचा आशय होता. बंधु उठून आंत गेले. न्यायमूर्तींच्या कागदांत आपलें घर लिहिलेलें आहे, असें त्यांस वाटलें असावें.

आमच्या प्रकरणांत डाळ नसलेलें भांडें कोणतें, हें शोधण्यांत पुतण्याच्या कित्येक रात्री गेल्या. अखेर निवाड्याच्या सहाव्या पानावर त्यास एक वाक्य सांपडलें. पंचांनीं आपल्या निष्कर्षासाठीं हिशेब-तपासणीच्या एका टिपणाचा आधार घेतला होता. आणि तें टिपण सुनावणी संपल्यावर संस्थेनें पाठविलेलें होतें. त्याची प्रत बंधूंस कधींही मिळाली नव्हती. त्यांत काय होतें हें आम्हांस ठाऊक नव्हतें. तें खरेंही असूं शकेल. परंतु त्यास उत्तर देण्याची संधि बंधूंस मिळाली नव्हती, एवढें निश्चित.

ज्याच्यावर आरोप आहे त्याचें आधीं ऐकून घ्यावें, हें तत्त्व किती जुनें आहे हें सांगतांना पुतण्यानें इंग्लंडांतील एक कथा सांगितली. केंब्रिज विद्यापीठानें डॉ. बेंटले ह्या विद्वानाच्या पदव्या त्याचें म्हणणें न ऐकतां काढून घेतल्या. १७२३ सालीं तेथील न्यायालयानें त्या परत देवविल्या. त्या वेळीं एका न्यायमूर्तीनें म्हटलें कीं, आदमानें निषिद्ध फळ खाल्लें हें ठाऊक असतांही प्रत्यक्ष ईश्वरानें त्यास बोलावून विचारलें, आणि मग शिक्षा केली.

मातोश्री कोपऱ्यांत वाती वळीत बसल्या होत्या. त्या मान वर न करितां म्हणाल्या, “त्यांच्या देवानें विचारलें म्हणायचें. आपल्या रामरायानें सीतेला नाहीं विचारलें.”

पुतण्या हंसला. आम्हीं विषय बदलला.

२०१७ सालीं उच्च न्यायालयाचा निकाल लागला. निवाडा रद्द झाला. ज्या टिपणावर तो उभा होता तें एका पक्षास दाखविलेंच नव्हतें, म्हणून तो टिकत नाहीं. पंचांनीं दोघांसही ऐकून नव्यानें निर्णय द्यावा, एवढाच हुकूम होता. बंधूंनीं तो तीनदां वाचला. “मीं तें पुस्तक घेतलें नाहीं, असें कोठें लिहिलेलें नाहीं,” ते म्हणाले. पुतण्यानें समजाविलें कीं, तें लिहिणें न्यायालयाचें काम नव्हतें. पुन्हा सुनावणी होण्यापूर्वींच संस्थेनें तडजोड केली. बंधूंस कामावर घेण्याचें व मागील वेतनाचा निम्मा भाग देण्याचें ठरलें. निवृत्तीस त्यांचे अकरा महिने उरले होते.

त्या रात्रीं घरीं शिरा झाला. पंगतींत बंधु सात वर्षांत प्रथमच मोकळेपणानें बोलत होते. न विचारतां माणसास दोषी ठरविणें हें केवढें पाप, ह्यावर थोरल्या बंधूंनीं एक लहानसें व्याख्यान दिलें, व आम्हींही त्यांत भर घातली. तें संपल्यावर मातोश्री शांतपणें म्हणाल्या, “आपल्या स्वयंपाकाच्या बाईंना आपण विचारलें होतें काय?”

ही बाईंची हकीकत आतां सांगणें भाग आहे. जवळच्या खेड्यांतून सात वर्षें त्या आमच्याकडे स्वयंपाकास येत. २००६ सालीं गौरींच्या जेवणानंतर चांदीची एक वाटी मोजदादींत कमी भरली. दिवसभर शोधाशोध झाली. संध्याकाळीं आम्ही तिघे भाऊ ओसरीवर बसलों. सणानिमित्त रजा काढून धाकटे बंधुही आले होते. बोलणें फार झालें नाहीं. घरचें कोणी घेणार नाहीं, बाहेरचें दुसरें कोणी आलें नाहीं, येथपर्यंत आम्ही आलों आणि थांबलों. दुसऱ्या दिवशीं वहिनींनीं आमच्या सांगण्यावरून “उद्यांपासून येऊं नका, बाई,” एवढेंच सांगितलें. कारण सांगितलें नाहीं. चोर हा शब्द कोणी उच्चारला नाहीं, आणि त्यांत आपण मोठा चांगुलपणा केला, असें आम्हांस वाटलें. अहमदाबादच्या त्या पत्रांतही अपराधाचा शब्द नव्हता, हें आम्हांस त्या शिऱ्याच्या पानावर आठवलें. धाकट्या बंधूंनीं हातांतला घांस खालीं ठेविला.

वाटी आजतागायत सांपडलेली नाहीं. बाईंनीं ती घेतली असेल, किंवा नसेल. आम्हांस खरोखर ठाऊक नाहीं. आम्हीं प्रथम ह्याच अडचणीचा आश्रय घेऊन पाहिला. परंतु पांच वर्षें पुतण्याकडून धडे घेतल्यावर तो आश्रय पुरेना. निर्णय बरोबर होता कीं चूक, हा प्रश्न नव्हताच. न्यायालयानें बंधूंच्या बाबतींत जेवढें पाहिलें होतें, तेवढेंच मातोश्रींनीं विचारलें होतें, आणि त्याचें उत्तर आम्हां तिघांसही तोंडपाठ होतें.

बाईंस कोणत्या दारीं जातां आलें असतें? कोणत्याच नाहीं. घरगुती चाकरी ह्या कायद्याच्या कक्षेंत कधींच आली नाहीं. १९४७ चा तो कायदाही आतां उरला नाहीं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलांत आली. तींत उभयपक्षांनीं पंच नेमण्याची वाट ठेविली आहे, पण उद्योगाच्या व्याख्येंतून घरकाम स्पष्ट शब्दांनीं वगळिलें आहे. महाराष्ट्रानें २००८ सालीं घरेलू कामगारांसाठीं कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यानें साहाय्याची सोय झाली, परंतु उद्यांपासून येऊं नका असें सांगतांना कारण सांगावें लागत नाहीं. ज्या ऊसतोड्यांच्या बैलगाड्या आमच्या दारावरून जातात, त्यांसही मुकादमाकडून उचल मिळते. बडतर्फीचें पत्र मिळत नाहीं. पंचाच्या निवाड्यावर उच्च न्यायालय, त्यावर सर्वोच्च न्यायालय, ही सारी उतरंड ज्याच्या हातीं निदान एक कागद आहे त्याच्यासाठीं. बाईंच्या प्रकरणांत पंच आम्ही, फिर्यादी आम्ही, आणि निवाडा तपासणारें न्यायालय म्हणाल तर तेंही आमचीच ओसरी. मातोश्री नसत्या तर ती ओसरी पुन्हा बसलीच नसती.

आठ दिवसांनीं आम्ही व धाकटे बंधु बाईंच्या गांवीं गेलों. बरोबर एका पाकिटांत कांहीं रक्कम घेतली होती. तिला काय नांव द्यावें हें आमचें ठरलें नव्हतें. बाई थकल्या होत्या. त्यांनीं सतरंजी टाकली, सुनेस चहा ठेवावयास सांगितलें, आणि आजींची प्रकृति विचारली. आम्हीं बोलण्याची पुष्कळ जुळवाजुळव केली होती, ती सारी विसरून बंधूंनींच एकदम सांगितलें, “बाई, त्या वेळीं आम्हीं तुम्हांला कांहीं विचारलें नाहीं. तें चुकलें.”

बाईंनीं पदर सारखा केला. “तेव्हां विचारलं असतं, काका, तर सांगितलं असतं,” त्या म्हणाल्या. ह्याहून अधिक त्या बोलल्या नाहींत, आणि आतां विचारण्याचा अधिकार आपणांस उरला नाहीं, हें आम्हांस कळून चुकलें.

निघतांना आम्हीं पाकीट पुढें केलें. त्यांनीं तें उघडून नोटा मोजल्या. मग म्हणाल्या, “त्या महिन्याचे सतरा दिवस राहिले होते माझे.” अकरा वर्षांपूर्वींच्या पगाराच्या दरानें त्यांनीं सतरा दिवसांचा हिशेब बोटांवर केला, तेवढे पैसे काढून घेतले, आणि उरलेले पाकिटासह आमच्या हातांत परत दिले. ते सतरा दिवस आमच्या घरांत कोणाच्याही लक्षांत नव्हते.

परत येतांना बंधु बराच वेळ गप्प होते. महाकाळ्याच्या वळणावर भोंगा ऐकूं आला तेव्हां ते म्हणाले, “माझ्या वहींत फीची रक्कम लिहिलेली आहे, ती उद्यां तुम्हांला देतों. नको म्हणूं नका.” एरवीं आम्ही नको म्हटलें असतें. त्या दिवशीं म्हटलें नाहीं.